लंपन कुणाचा?

मुलांची पुस्तकं विकत घेतो आपण मोठी माणसं, आणि घेताना बघतो संस्कार. पुस्तक टिकतं ते मात्र भलत्याच कारणाने, असं आमचं मत होत चाललं आहे. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेली ‘श्यामची आई’ आजही बक्षीस समारंभांत वाटली जाते. पण पोरं त्यात गुंततात ती पोहण्याच्या भीतीने लपून बसणाऱ्या आणि आईच्या हातचा मार खाणाऱ्या श्यामपाशी. विहीर कोकणातली, पोटातला गोळा निपाणीच्या पोराच्याही ओळखीचा.

आपल्या बेळगाव सीमाभागातला दाखला लंपनचा. इंदिरा संतांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत कऱ्हाडला भूगर्भशास्त्र शिकवत. मनात मात्र बेळगाव. ‘वनवास’ १९९४ साली आलं, मग ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’. त्यांतला लंपन म्हणजे आईवडिलांपासून दूर, आजीच्या घरी वाढणारा मुलगा, आणि त्याच्या तोंडी आपल्या भागातली कानडी हेल असलेली मराठी. ही पुस्तकं बालसाहित्याच्या कपाटात कुणी ठेवत नाही. ठेवूही नयेत, तिथे ती आजोबांच्या हाती लागायची नाहीत. संतांनी लंपनला गोंडस केला नाही की शहाणाही केला नाही. त्याला कळतं तेवढंच सांगू दिलं, उरलेलं वाचणाऱ्यावर सोडलं. म्हणून बाराव्या वर्षी त्यातली गंमत दिसते, चाळिशीत एकटेपण. २०२४ साली त्याच्यावर वेबमालिका निघाली आणि गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात तिला पुरस्कारही मिळाला. बेळगाव कधी न पाहिलेल्यांनीही ती पाहिली. (आपल्याकडे काहींना तेव्हाच कळलं की लंपन आपल्या गावचा!)

लंपन गावाबाहेर गेला, कन्नडमध्ये नेमकं उलट घडलं: बाहेरची गोष्ट घरी आली. हॅमेलिनच्या बासरीवाल्याची जर्मन दंतकथा ब्राउनिंगने इंग्रजी कवितेत आणली, कन्नड कवी कुवेंपूंनी ती उचलून थेट बोम्मनहळ्ळीत नेली. उंदीर तिथलेच झाले, बासरीवाल्याचा किंदरीजोगी झाला. कन्नड मुलांना त्यात परकं काही वाटत नाही. पाहुण्या गोष्टीला असं घरचं पान वाढणारा लेखक मिळाला, तर तिचं मूळ गाव कोण विचारतो?

पण गोष्ट आधी मुलापर्यंत पोहोचायला हवी. सीमाभागात घरी मराठी आणि शाळेत कन्नड किंवा इंग्रजी, अशी मुलं आता घरोघरी आहेत. त्यांना मराठी नीट कळते, वाचताना मात्र अडखळतात. अशा मुलाच्या हातात पुस्तक देऊन आपण मोकळे झालो, तर ते मिटलेलंच राहील. कुणीतरी शेजारी बसून वाचून दाखवायला हवं. सभेत भाषेच्या नावाने घसा कोरडा करणाऱ्यांनी त्यातली पंधरा मिनिटं घरी खर्च करावीत, ही आमची जुनी तक्रार आहे.

म्हणून यंदाच्या आमच्या दिवाळी अंकात मुलांच्या विभागात टाइप मोठा ठेवला आहे आणि कन्नड कथांचे अनुवादही घेतले आहेत. तात्पर्य मात्र एकाही गोष्टीखाली छापलेलं नाही. फराळाचे हात पुसून आज्यांनी ही पानं आधी उघडावीत. आमचे वैचारिक लेख दिवाळीनंतर वाचले तरी चालतील.