आधी त्याचा रिपोर्ट दाखवा

गेल्या वर्षी पनवेलमध्ये आमच्या ओळखीच्या एका घरात बैठक बसली. लग्नाला चार वर्षं, मूल नाही. मुलाकडचे पाच जण, मुलीकडचे दोन, जमातीतले दोन बुजुर्ग. मधे टीपॉयवर फाइल, ती सुनेची. सोनोग्राफी, थायरॉइड, हार्मोनच्या तपासण्या, गर्भनलिकांचा एक्स-रे, एक लॅप्रोस्कोपी. फाइल जाडजूड. मुलीचा मामा बराच वेळ गप्प होता. शेवटी म्हणाला, "जावईबापूंचा रिपोर्ट कुठाय?" कोणी बोलेना. मग मुलाचे चाचा म्हणाले, "हमारे खानदान में मर्दों को ऐसा कुछ नहीं होता." आणि बैठक दुसऱ्या निकाहवर येऊन थांबली.

जावई कुवेतला असतो. लग्नाला आला तेव्हा दोन महिने, नंतर दोन वर्षांनी दोन महिने, परत दोन वर्षांनी दोन महिने. चार वर्षांत हे जोडपं एकत्र राहिलं ते सहा महिने. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे बारा महिने नियमित संबंध ठेवूनही गर्भ राहिला नाही तरच वंध्यत्व म्हणायचं. म्हणजे ज्या मुलीच्या पोटाला भोक पाडून दुर्बीण घातली, तिचं जोडपं अजून त्या व्याख्येतच बसत नव्हतं. म्हसळा, श्रीवर्धन, महाडपासून तळोज्यापर्यंत कोकणी मुसलमानांच्या किती घरांत हाच हिशेब असेल, तो तुम्ही आपल्या घरापासून मांडून बघा.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांत पुरुषाकडे कारण असतं, कधी एकट्याकडे, कधी दोघांकडे मिळून. हे शोधायची पहिली तपासणी, वीर्यतपासणी, काहीशे रुपयांत होते. सुई नाही, भूल नाही, दाखल होणं नाही. दोन ते सात दिवस संबंध टाळायचे आणि नमुना द्यायचा. नमुना देण्याच्या पद्धतीबद्दल ज्याला दीनी अडचण वाटते त्याने लॅबला विचारावं. पत्नीच्या साहाय्याने, त्यासाठीच मिळणाऱ्या खास कंडोममध्ये, घरी नमुना घेता येतो. साधा कंडोम चालत नाही आणि तासाभरात नमुना लॅबमध्ये पोचवावा लागतो, एवढंच. बाईच्या लॅप्रोस्कोपीला भूल द्यावी लागते, पोटाला टाके पडतात. आधी कोणती तपासणी व्हायला हवी, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

आणि मुलाने तपासणी केलीच, तर रिपोर्ट वाचायलाही शिकलं पाहिजे. 2021 च्या जागतिक नियमावलीप्रमाणे एका मिलीलिटरमध्ये 1 कोटी 60 लाख शुक्राणू ही खालची सीमा आहे आणि योग्य आकाराचे 4 टक्के असले तरी चालतात. 4 टक्के बघून कित्येक मुलांची झोप उडते आणि तेवढ्यावर त्यांना कुठला तरी 'कोर्स' विकला जातो. एक रिपोर्ट खराब आला तर काही आठवड्यांनी दुसरा करायचा असतो, कारण ताप येऊन गेला तरी आकडा पडतो आणि नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने जातात. ज्या सेंटरमध्ये पहिल्याच भेटीत, एकाच रिपोर्टवर आयव्हीएफचं पॅकेज समोर ठेवतात तिथून उठून दुसरा डॉक्टर गाठावा.

आता चाचांच्या त्या वाक्याकडे येतो. मर्दांना असं काही होत नसेल, तर भिंती कोणासाठी रंगवल्यात? हार्बर लाइनने पनवेलला येताना रुळांकडेच्या भिंती वाचा, डब्यातले स्टिकर वाचा. धात, कमजोरी, शीघ्रपतन, बचपन की गलतियाँ. मर्दाला सगळं होतं. फक्त ते घरात बोलायचं नाही आणि भिंतीवरचा नंबर फिरवायचा. या गप्प बसण्यावर एक अख्खा धंदा उभा आहे.

मी त्याचं गिऱ्हाईक होतो. एकोणीस वर्षांचा होतो, कॉलेजात. हायवेलगत एक तंबू लागला होता, बरण्यांत मुळ्या, मागे पहिलवानांचे फोटो. आत बसलेल्या माणसाने माझी नाडी धरली, डोळे बघितले आणि विचारलं, "रात को कपड़े ख़राब होते हैं?" मी हो म्हणालो. एकोणिसाव्या वर्षी कोण नाही म्हणेल? मग त्याने मला रक्ताच्या किती थेंबांचा वीर्याचा एक थेंब होतो तो हिशेब ऐकवला. मोबाइलसाठी साठवलेले पैसे त्याला देऊन मी काळ्या गोळ्यांची डबी घेतली. सहा महिने मी स्वतःला संपलेला समजत होतो. नंतर कळलं की माझ्या वर्गातले आणखी दोघे त्याच तंबूत जाऊन आले होते. आम्ही तिघं रोज एका बाकावर बसायचो.

रक्ताच्या थेंबांचा तो हिशेब खोटा आहे. वीर्य रक्तापासून बनत नाही. ते बनत राहतं आणि बाहेर पडलं नाही तर शरीर ते जिरवून टाकतं. 'धात गेली' म्हणून खचलेल्या तरुणांची ही अवस्था डॉक्टरांना नवी नाही. डॉ. एन. एन. विग यांनी 1960 मध्ये तिला 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. थकवा खरा असतो, छातीतली धडधड खरी असते, पण ती येते भीतीतून. म्हणजे आधी भीती विकायची आणि मग तिच्यावरचं औषध.

शब्दांकडेही बघा. आपण म्हणतो 'स्वप्नदोष'. दोष! फिक्हमध्ये शब्द आहे एहतिलाम. त्याचं मूळ 'हुल्म', म्हणजे स्वप्न. त्यात दोष कुठेच नाही. एहतिलाम झाला तर गुस्ल करायचा आणि नमाज पढायची. रोज्यात दिवसा झोपेत झाला तरी रोजा तुटत नाही. ना गुन्हा, ना बीमारी. मकतबमध्ये तहारतचा धडा शिकताना दहा-बारा वर्षांची मुलं हे पाठ करतात. उम्मे सुलैम यांनी तर बायकांच्या एहतिलामबद्दल थेट रसूलुल्लाहंना विचारलं, त्यांना उत्तर मिळालं आणि ते हदीसच्या किताबांत नोंदलं गेलं. तेव्हा 'हया'च्या नावाखाली या विषयावर पडदा टाकणाऱ्यांना मला विचारायचंय, हा पडदा आला कुठून? मला तरी तो किताबांतून आलेला दिसत नाही.

काही जण म्हणतील, हा युनानीवर हल्ला आहे. नाही. बीयूएमएस करून रीतसर नोंदणी झालेला हकीम वेगळा आणि तंबूतला 'खानदानी' वेगळा. फरक कायद्यालाही कळतो. 1954 चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा लैंगिक ताकद वाढवण्याच्या औषधांच्या जाहिरातीला सरळ मनाई करतो, पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. या कायद्याला सुप्रीम कोर्टात आव्हान देणाऱ्यांत दिल्लीचा हमदर्द दवाखानाही होता. 1959 च्या डिसेंबरात निकाल लागला. कोर्टाने सरकारच्या काही जादा अधिकारांना कात्री लावली, पण औषधाची धंदेवाईक जाहिरात म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्य नव्हे असं सांगून बाकीचा कायदा कायम ठेवला. तो आजही आहे. भिंती तशाच आहेत. हा फक्त आपल्या मोहल्ल्याचा रोग आहे असंही नाही. 2024 मध्ये पतंजलीला भ्रामक जाहिरातींबद्दल वर्तमानपत्रांत जाहीर माफी छापावी लागली, तीही सुप्रीम कोर्टाने कान धरल्यावर.

मराठीत या गप्प बसण्याशी भांडलेला माणूस कोकणचाच होता. र. धों. कर्वे 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' काढत होते. हस्तमैथुनासारख्या विषयांवर वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना साधी उत्तरं दिली म्हणून 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ते खटला हरले. कर्वे मात्र 1953 मध्ये मरेपर्यंत मासिक काढत राहिले. त्यांच्या वाचकांनी पोस्टकार्डावर विचारलेलं आज आपला पोरगा रात्री दोन वाजता मोबाइलला विचारतो आणि मोबाइल त्याला पुन्हा तंबूवाल्याकडेच पाठवतो. फक्त आता तंबूची वेबसाइट झालीय आणि गोळ्या घरपोच येतात.

त्या गोळ्यांत काय असतं? 'शंभर टक्के हर्बल' छापलेल्या अनेक गोळ्यांत चोरून मिसळलेलं सिल्डेनाफिल सापडलंय. सिल्डेनाफिल वाईट औषध नाही. छातीदुखीवर शोधताना त्याचा हा गुण कळला, 1998 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, आपल्याकडे ते स्वस्तात मिळतं. पण चिठ्ठीशिवाय ते विकायला परवानगी नाही, आणि हृदयासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने ते घेतलं तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. ज्या अब्बांना माहीतच नाही की 'जडीबुटी'त हे आहे, ते डॉक्टरला सांगणार काय?

त्याहून महत्त्वाचं, ताठरता कमी होणं ही अनेकदा रक्तवाहिन्यांची तक्रार असते. तिथल्या वाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, म्हणून त्या आधी तुंबतात. हार्ट अटॅकच्या काही वर्षं आधी आलेली ही सूचना असू शकते. मधुमेहाचीही असू शकते. चाळिशीतला माणूस ही तक्रार घेऊन चांगल्या डॉक्टरकडे गेला तर डॉक्टर आधी साखर, बीपी, कोलेस्टेरॉल बघेल, तंबाखूबद्दल विचारेल. तंबूवाला शिलाजीत देईल. दोन-तीन वर्षांनी त्याच माणसाला अँजिओप्लास्टीसाठी जमातीकडे मदतीचा अर्ज करावा लागतो, आणि आपण चंदा देतो.

तरुणांनो, तुमच्या वाट्याचं दोन शब्दांत सांगतो. जिममधला 'सर' टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन देत असेल तर हे ऐका. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की शरीर आतला कारखाना बंद करतं आणि शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. दंड फुगतील, बाप होणं लांबेल. दुसरं, वृषणात अचानक जोराची कळ आली, उलटी झाली, तर सकाळची वाट बघू नका. वृषण पीळ पडून फिरलेलं असू शकतं. साधारण सहा तासांत ऑपरेशन झालं तर ते वाचतं, उशीर झाला तर काढावं लागतं. हे जास्त करून बारा ते अठरा वर्षांच्या मुलांत होतं, म्हणजे नेमक्या त्या वयात, जेव्हा अम्मीला सांगायची लाज वाटते. धाकट्या भावाला आज रात्री जेवताना सांगून ठेवा. अवघडल्यासारखं होईल. होऊ द्या.

बुजुर्गांचंही बघा. मशिदीत येणं कमी करणारे किती तरी चाचा आहेत, कारण लघवी थेंब थेंब गळते, वुजू टिकत नाही. शरीयतने माजूरला सवलत दिलीय आणि इमाम ती सांगतातही. पण सवलत म्हणजे इलाज नव्हे. प्रोस्टेट वाढलं असेल तर त्यावर गोळ्या आहेत, नाही भागलं तर दुर्बिणीचं ऑपरेशन आहे. इमामसाहेबांनी मसला सांगितल्यावर "डॉक्टरला दाखवलं का?" एवढं पुढे विचारलं तरी बरेच जण परत सफमध्ये दिसतील.

मी डॉक्टरांनाही सोडत नाही. ओपीडीत दहा जणांसमोर "काय होतंय?" विचारलं तर कोणता पोरगा बोलेल? खाजगी दवाखान्यात कंपाउंडर खालूचा मित्र निघतो. मुलं तंबूत जातात त्याचं एक कारण हेही आहे की तिथे पडदा असतो.

आपल्या जमातीच्या हॉलमध्ये मोतीबिंदूचं शिबिर होतं, साखरेचं होतं, रक्तदान होतं. मग महिन्यातून एक संध्याकाळ, इशाच्या नमाजनंतर, फक्त मर्दांसाठी, बंद खोलीत एक युरोलॉजिस्ट किंवा नोंदणी असलेला हकीम बसवायला काय हरकत आहे? कामोठ्याला मेडिकल कॉलेज आहे, पनवेलला उपजिल्हा रुग्णालय आहे. मागणी घेऊन कोणी गेलंय का? त्या शिबिराचा ऐलान जुम्याला मिंबरजवळूनच व्हावा, दबक्या आवाजात नको.

आणि निकाहच्या बैठकांना बसणाऱ्या बुजुर्गांकडे एक मागणी आहे. मूल होत नाही म्हणून तलाक, खुला किंवा दुसऱ्या निकाहची गोष्ट जमातीसमोर आली की मुलाचे दोन रिपोर्ट आणि त्याच्या पासपोर्टवरचे शिक्के टेबलावर आल्याशिवाय एक शब्दही बोलू नका. त्या मामांनी विचारलेला प्रश्न जमातीच्या सदरांनी विचारायला हवा होता. ती मुलगी सध्या माहेरी आहे. तिची फाइलही तिच्यासोबत आहे. जावयाची अजून उघडलेलीच नाही.