गच्चीवरचे ऊन, नळातले पाणी

नव्या सदनिकेच्या माहितीपत्रकात ‘सोलर गरम पाणी’ ही ओळ आता इतकी रुळली आहे की तिचा अर्थ विचारण्याच्या फंदात कोणी पडत नाही. फरशी कुठल्या बनावटीची, खिडकीची चौकट कशाची, याची कसून चौकशी करणारा ग्राहक या ओळीवरून मात्र सहज पुढे सरकतो. पहिल्या हिवाळ्यात उलगडा होतो. वरच्या मजल्यांना पाणी गरम मिळते. खालच्यांना अर्धी बादली वाया घालवल्यावर कोमट धार लागते. मग घरोघरी न्हाणीघरात गिझर बसतो आणि गच्चीवरच्या नळ्यांवर धूळ. पाणी तापवण्याच्या साधनाची निवड आपण राहायला गेल्यानंतरची खरेदी मानतो. वास्तविक तिचा निर्णय इमारतीच्या नकाशावर व्हायला हवा.

आधी हिशेब पाहू. चौघांच्या कुटुंबाला रोज 100 लिटर गरम पाणी लागते असे धरले आणि थंडीत 20 अंशांचे पाणी 45 अंशांवर न्यायचे ठरवले, तर सुमारे 2.9 युनिट उष्णता खर्ची पडते. यातून कोणत्याही उपकरणाची सुटका नाही. फरक पडतो तो ही उष्णता कोठून आणायची याचा. साधा गिझर ती सारी विजेतून घेतो. टाकीतून वाया जाणारी उष्णता धरता रोज तीन युनिटांहून थोडी अधिक वीज लागते. हीट पंप भोवतालच्या हवेतली उष्णता पाण्यात आणून सोडतो, म्हणून तेच काम साधारण एका युनिटात होते. मात्र त्याची किंमत गिझरच्या कितीतरी पट, टाकी मोठी आणि त्याच्या पंख्याला खेळती हवा हवी. सौर बंबाचा चालवण्याचा खर्च नगण्य. पण 100 लिटरमागे सुमारे दोन चौरस मीटरचे तावदान उन्हात ठेवावे लागते आणि पावसाळी दिवसांसाठी विजेची सोय ठेवावीच लागते.

उरला गॅस गिझर. तो झटपट पाणी देतो, म्हणून लोकप्रिय आहे. परंतु बंद न्हाणीघरात प्राणवायू अपुरा पडला की ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. थंडीच्या दिवसांत अशा मृत्यूंच्या बातम्या येतात, तेव्हा दोष बंद खिडकीला दिला जातो. हा गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच असायला हवा. पण बाहेर बसवायचा तर तिथपर्यंत गॅसची आणि पाण्याची नळी आधीच नेलेली असावी लागते. ती तरतूद नकाशात नसली की उपकरण आत येते. म्हणजे येथे प्रश्न केवळ वीजबिलाचा राहत नाही, जिवाचा होतो.

आता गच्चीकडे वळू. बारा मजल्यांची, मजल्याला चार सदनिकांची इमारत घेतली तर 48 घरांसाठी 96 चौरस मीटरची सौर तावदाने लागतील. एकाची सावली दुसऱ्यावर पडू नये म्हणून सोडायचे अंतर धरता जागा जवळपास दुप्पट. त्याच गच्चीवर पाण्याच्या टाक्या असतात, लिफ्टची खोली असते. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या ‘पंतप्रधान सूर्यघर मुफ्त बिजली’ योजनेने या जागेला आणखी एक वाटेकरी आणला. गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी या योजनेत किलोवॉटमागे 18 हजार रुपयांचे अनुदान ठेवण्यात आले आणि एका किलोवॉटला सुमारे दहा चौरस मीटर जागा लागते. एकाच उन्हावर आता पाणी आणि वीज असे दोन दावेदार आहेत.

यांत कोणाला झुकते माप द्यावे? सौर बंब उन्हातली निम्मी उष्णता पाण्यात उतरवतो, वीजपट्ट्या जेमतेम पाचवा हिस्सा विजेत बदलतात. मात्र ती वीज हीट पंपाला दिली की तिप्पट उष्णता हाती येते आणि दोन्ही पारडी समान होतात. उंच इमारतीत मग नळीचा मुद्दा निर्णायक ठरतो. 20 मिलिमीटर व्यासाच्या 30 मीटर नळीत नऊ लिटरहून अधिक पाणी थंड होऊन बसते. वीज तारेतून जाताना थंड होत नाही. शिवाय एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतले साधे पाणीच चटका देते. तेव्हा बंब निरुपयोगी असतो आणि वीज मात्र लिफ्टला, पंपाला उपयोगी पडते. तात्पर्य, बंगला, जोडघरे किंवा तीन-चार मजली इमारत असेल तर सौर बंब आजही उत्तम; उंच इमारतीत गच्ची विजेला द्यावी आणि दुपारच्या उन्हात हीट पंपाने पाणी तापवून ठेवावे.

आपले नियम हा भेद करत नाहीत. बंगळुरूच्या वीज कंपनीने 2007 मध्ये ठरावीक आकारापेक्षा मोठ्या नव्या घरांना सौर बंब सक्तीचा केला. पुणे महापालिकेने सौर यंत्रणेसाठी मिळकतकरात सवलत दिली. दोन्ही पावले स्वागतार्ह. पण मोजली जाते ती यंत्रणा. बार्सिलोना शहराने 2000 पासून लागू केलेल्या नियमात नव्या इमारतींना गरम पाण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेपैकी 60 टक्के वाटा सूर्याचा असावा, अशी अट घातली. तेथे मोजमाप यंत्राचे नव्हते, कामाचे होते. आपल्याकडेही भोगवटा पत्र देण्यापूर्वी सर्वात खालच्या मजल्यावरच्या नळाचे तापमान तपासणे अशक्य नाही.

तोवर ग्राहकाच्या हाती एक साधन आहे. 2016 च्या स्थावर संपदा कायद्यानुसार ताब्यानंतर पाच वर्षांपर्यंत बांधकामातील, तसेच करारात कबूल केलेल्या सेवांमधील दोष विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी विकासकावर आहे. अट एवढीच, की सेवा करारात स्पष्ट हवी. म्हणून ‘सोलर गरम पाणी’ या तीन शब्दांवर समाधान न मानता किती लिटर, किती अंश, कोणत्या मजल्याला, कोणत्या वेळी आणि देखभाल कोणाची, हे सही करण्यापूर्वीच लिहून घ्यावे. फरशी पुढे बदलता येते. भिंतीत राहून गेलेली नळी पुन्हा भिंत फोडल्याशिवाय घालता येत नाही.