भिंत कुणाला विचारून?

महामार्गालगतच्या एका वस्तीत आमच्या गटाची बैठक चालू होती. विषय रेशनचा. पण ट्रक गेला की बोलणारीनं थांबायचं आणि आवाज विरला की वाक्य पुरं करायचं. शेवटी एक मावशी म्हणाल्या, “ताई, आम्ही घरातसुद्धा ओरडूनच बोलतो. माहेरी गेलं की भावजय विचारते, भांडताय का?”

पुढे रस्ता रुंद करायचं ठरलं आणि आवाज अडवणाऱ्या भिंतीची चर्चा निघाली. लोकांचं मत घ्यायला सभा ठेवली, ती मंगळवारी सकाळी अकराला. त्या वेळी वस्तीतल्या निम्म्या बाया धुण्याभांड्यांच्या कामावर आणि बाकीच्या पाण्याच्या रांगेत. आले ते बहुतेक रस्त्याकडेचे दुकानदार. भिंतीनं गिऱ्हाईक तुटेल, असं ते म्हणाले. त्यांची भीती खोटी नाही. पण इतिवृत्तात नोंद झाली, ‘वस्तीचा विरोध’. ही वस्ती म्हणजे कोण?

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती मोडली तर तान्ह्या बाळाला पुन्हा निजवायला कोण उठतं, हे तुम्हांआम्हांला ठाऊक आहे. पण कायद्याच्या लेखी नुकसान म्हणजे जमिनीचं नुकसान. २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेनं, रुंदीकरणाला नवी जमीन घ्यावी लागत नसेल तर जनसुनावणीच नको, अशी सूट दिली. जमीन गेली तर माणूस ‘बाधित’. झोप गेली तर कुणीच नाही. आणि जमिनीची नोटीस जाते सातबाऱ्यावरच्या नावाला. तिथं आपल्यापैकी कितीजणींचं नाव आहे?

अमेरिकेत २०१० साली सुधारलेल्या नियमांनुसार, भिंतीमुळे ज्या घरांतला आवाज कमी होणार, तिथल्या मालकांचं आणि राहणाऱ्यांचं, म्हणजे भाडेकरूंचंही, मत रस्ते खात्याला घ्यावं लागतं. मात्र काही राज्यांत मालकाच्या मताला भाडेकरूपेक्षा जास्त वजन आहे. मालकी तिथंही वरचढच.

आपल्याकडे पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या महामार्गावर वन्यप्राण्यांसाठी आवाज अडवण्याची सोय केली. चांगलंच झालं. वाघाला सभेला बोलावता येत नाही. बायांना तर येतं!

भिंत आली की सगळं भलं होईल, असं मी म्हणत नाही. भिंत उपयोगी पडते ती तिच्या आडोशाला असलेल्या घरांना. वरच्या मजल्यापर्यंत तिचा फायदा पोचत नाही. मध्ये फट राहिली तर आवाज तिथून आत येतो. म्हणून जाण्यायेण्याच्या वाटेशी भिंतीचे दोन तुकडे मागेपुढे ठेवून बोळ करतात. कागदावर हा उपाय उत्तम दिसतो. पण रात्री साडेआठला बसमधून उतरलेल्या मुलीला त्या बोळातून यायचं असतं. तिथं दिवा कुठं हवा, बसथांबा कुठं हवा, भिंतीमागे उकिरडा होऊ नये म्हणून काय करायचं, हे तिला विचारल्याशिवाय कळणार नाही. वस्तीत मी विचारलं तेव्हा काहीजणींना भिंत हवी होती आणि काहीजणींना नको होती. दोन्हीकडची कारणं खरी होती. ती कुठल्याच इतिवृत्तात नाहीत.

म्हणून आपल्या भागात रस्त्याचं काम निघालं की वाट न पाहता मागण्या मांडू या. सभा संध्याकाळी आणि वस्तीतच घ्या. बायांची सभा वेगळी घ्या. मत घराच्या मालकाचं नको, घरात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीचं घ्या, भाडेकरूंचंही. आवाज रात्री दोन वाजता मोजा. आणि इतिवृत्त मराठीत वाचून दाखवल्याशिवाय त्यावर सह्या घेऊ नका.

भिंत हवी की नको, ते आम्ही ठरवू. पण आधी विचारा तरी!