धर्मराजामागचा कुत्रा चालत होता

कुत्र्याविषयीच्या आपल्या लेखनातला सर्वांत आळशी शब्द म्हणजे ‘इमान’. महाप्रस्थानिक पर्वात पांडवांमागोमाग निघालेला कुत्रा आपण वर्गात निष्ठेचे प्रतीक म्हणून शिकवतो. तो हिमालयापार चालत गेला, हे सांगायचे राहून जाते. प्रतीकाला पाय नसतात, कुत्र्याला असतात.

आपल्या सदनिकांतला लॅब्राडोर पाहा. न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर थंड पाण्यात राबणाऱ्या कुत्र्यांचा हा वंशज. १९व्या शतकात ब्रिटनमध्ये तो घडवला गेला, तो टिपलेली शिकार उचलून आणण्यासाठी. त्याला आपण ‘घरातलाच एक’ म्हणतो आणि १० मिनिटे खाली फिरवून आणतो. मग त्याने चपला कुरतडल्या की तो ‘वांड’ ठरतो.

माझ्या घरच्या लॅब्राडोरने सोफा फाडला तेव्हा मीही त्याच्यावर ओरडलो होतो. पुढे सकाळ-संध्याकाळ पाऊण पाऊण तास चालणे आणि लपवलेला चेंडू शोधून आणण्याचा खेळ सुरू केला, आणि महिन्याभरात फाडाफाड थांबली. वांड कोण होते, हे मला तेव्हा कळले.

युधिष्ठिराने कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारला. आपल्याला पहाटेची झोप नाकारवत नाही. ज्याच्यापाशी तेवढाही वेळ नाही, त्याने कुत्र्यावर खुशाल कविता लिहावी. कुत्रा पाळू नये.