दोन्ही दुर्बिणी ‘नॉर्मल’, तरी रक्त कमी? लहान आतडं तपासलं का?

हिमोग्लोबिन वारंवार घसरतंय, शौचाला काळी होतेय. पण एंडोस्कोपी आणि कोलोनोस्कोपीचे रिपोर्ट नॉर्मल. मग लोहाच्या गोळ्या सुरू होतात आणि विषय संपतो. माझ्या मते तो इथे संपू नये. या गोळ्यांनीही शौच काळं होतं, त्यामुळे खरा रक्तस्राव झाकला जातो.

दुर्बिणीतून सुटतं काय?
लहान आतडं सुमारे ६ मीटर लांब. दोन्ही दुर्बिणी त्याच्या टोकांपर्यंतच जातात. पचनमार्गातले साधारण ५ ते १० टक्के रक्तस्राव मधल्या भागातले असतात.

कारणं कोणती?
उतारवयात नाजूक झालेल्या रक्तवाहिन्या, वेदनाशामक गोळ्यांमुळे पडलेले व्रण, क्रोन्स आजार, क्वचित गाठ. लहान मुलांत आणि तरुणांत ‘मेकेल्स डायव्हर्टिक्युलम’ ही जन्मजात पिशवी.

शोध कसा घेतात?
कॅमेरा असलेली कॅप्सूल गिळायची. ती सुमारे आठ तास हजारो फोटो पाठवते. मूळ कल्पना इस्रायली अभियंता गॅव्हरिएल इद्दान यांची. अमेरिकेत २००१ मध्ये तिला मान्यता मिळाली. आतडं अरुंद असेल तर ती अडकू शकते. आपल्याकडे आतड्याचा क्षयही आढळतो, म्हणून शंका असल्यास आधी सीटी स्कॅन करतात.

उपचार?
कॅप्सूल फक्त दाखवते. रक्तवाहिनी जाळून बंद करायला बलून एंटेरोस्कोपी लागते. गाठ किंवा पिशवीसाठी शस्त्रक्रिया.

ही तपासणी महाग आहे आणि प्रत्येकाला लागत नाही. पण ‘रक्त जातंय कुठून?’ हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. खूप रक्त जात असेल किंवा चक्कर येत असेल, तर थेट रुग्णालय गाठा.