फुकट मिळालें, तरी बेवारस नव्हे



गेल्या पावसाळ्यांत इस्लापूरच्या कांहीं मुलांनीं पैनगंगेवरील सहस्रकुंड धबधब्याची माहिती देणारा एक मराठी प्रोग्राम तयार केला. पालकांनीं कौतुक केलें. आम्हींहि पाठ थोपटली. मागाहून दिसून आलें कीं, त्यांतील नकाशा दाखविणारा कोड दुसऱ्यांचा होता, आणि कर्त्यांचीं नांवें व परवाना असलेल्या फाइली मुलांनीं काढून टाकल्या होत्या. "सर, तें तर फुकटच आहे!" हें त्यांचें उत्तर. तें आम्हांस बोचलें, कारण शाबासकी देतांना "हें कोणाचें?" असें आम्हीं विचारलेंच नव्हतें.

ओपन सोर्स म्हणजे बेवारस नव्हे. शेजाऱ्यानें आपली विहीर सर्वांस मोकळी केली, म्हणून कठड्यावरील त्याचें नांव पुसण्याचा अधिकार पाणी भरणारास मिळत नाहीं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत संगणकाचा प्रोग्राम वाङ्मयकृतींतच गणला जातो. परवाना म्हणजे कर्त्यानें अटींसह दिलेली संमति होय. ज्या कोडास परवानाच नाहीं, तो घेऊंच नये.

आणि अटी तरी किती थोड्या! एमआयटी परवाना इतकेंच मागतो कीं, प्रत्येक प्रतीबरोबर कर्त्याची हक्कसूचना व परवान्याचा मजकूर राहूं द्यावा. जीपीएल परवाना याहून पुढें जातो: तसा कोड मिसळून केलेला प्रोग्राम वांटावयाचा, तर घेणारास मूळ कोडहि त्याच अटींवर उपलब्ध करून द्यावा लागतो. मुलांनीं वापरलेला 'मुक्ता' फॉन्ट मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळीनें ओपन फॉन्ट परवान्याखालीं दिलेला आहे. तो प्रोग्रामबरोबर वांटावा, विकावाहि. मात्र हक्कसूचना व परवाना सोबत असावा, आणि नुसता फॉन्ट विकूं नये.

अमेरिकेंत रॉबर्ट जेकबसन या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनीं सहकाऱ्यांसह छोट्या नमुन्याच्या आगगाड्या चालविण्याचा प्रोग्राम लोकांस मोफत दिला. एका विक्रेत्यानें त्यांतील फाइली कर्त्यांचीं नांवें गाळून आपल्या प्रोग्रामांत घातल्या. तेथील अपील न्यायालयानें १३ ऑगस्ट २००८ रोजीं सांगितलें कीं, मोफत दिलेल्या कृतीच्या अटी मोडणें हाहि कॉपीराइटचा भंग ठरूं शकतो.

कोणी म्हणेल, खेड्यांतील मुलांवर खटला कोण भरणार? बहुधा कोणीहि नाहीं. म्हणूनच हा कायद्याहून शीलाचा प्रश्न अधिक आहे. आमच्यासारख्या आडगांवच्या शाळांस हीं साधनें विकत घेणें झेपत नाहीं. आम्ही अशा दानावरच शिकतों. दात्याचें नांव आम्हींच पुसूं लागलों, तर पुढें देण्याची इच्छा कोणास उरेल?

त्या मुलांनीं काढलेले परवाने आतां जसेच्या तसे परत ठेविले आहेत, आणि कोडाचें नांव, कर्ता, आवृत्ति व परवाना अशी यादी जोडली आहे. या कामास अवघी एक दुपार लागली. पालकांसहि आमची विनंति आहे: मुलाचें काम पाहतांना "यांत तुझें कोणतें, आणि दुसऱ्याचें कोणतें?" हें आधीं विचारावें. खरें उत्तर मिळालें, म्हणजे मग खुशाल पाठ थोपटावी.