बोटाएवढ्या जागेतला अर्ज

शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, नोकरभरती, सारे अर्ज आता वेबसाइटवर गेले आहेत. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी मात्र संगणक नाही. आहे तो मोबाईल, तोही अनेकदा एकच, वडील कामावरून परतल्यावर मुलीच्या हाती पडणारा. आपल्या वस्त्यांतली मुले हल्ली वेबसाइट बांधण्याचे काम शिकत आहेत, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

मोबाईलवर काही पाने मुंगीएवढ्या अक्षरांत का उघडतात? ती संगणकाच्या रुंद पडद्यासाठी बांधलेली असतात. २००७ साली आयफोन आला, तेव्हा त्याचा ब्राउझर असे पान ९८० पिक्सेल रुंद धरून इवल्या पडद्यात दाबून बसवीत असे. आजही पानात 'व्ह्यूपोर्ट'ची एक ओळ लिहिली नसेल तर मोबाईल साधारण हेच करतो. एका ओळीचा आळस, आणि हजारो लोकांच्या डोळ्यांना त्रास! पुढची वाट ईथन मार्कॉट यांनी मे २०१० मधील लेखात दाखविली. पान एकच ठेवावे, पडदा अरुंद असेल तर शेजारचे रकाने एकाखाली एक यावेत. याला 'रिस्पॉन्सिव्ह' रचना म्हणतात.

पण रकाने खाली आले म्हणजे काम झाले असे नव्हे. एका संस्थेचा प्रवेश अर्ज आम्ही मुलांकडून मोबाईलवर भरून घेत होतो. ओटीपी पाहायला मेसेजमध्ये जावे, तर परत येईतो पान कोरे. कमी मेमरीचा मोबाईल दुसरीकडे गेल्यावर आधीचे पान सोडून देतो. बांधणाऱ्याने भरलेला मजकूर टप्प्याटप्प्याने जपून ठेवला असता तर हे टळले असते. पुढे फोटो ५० केबीचा मागितला. मोबाईलचा कॅमेरा काही एमबीचा फोटो काढतो, तो लहान करायचा कुठे? खरे तर पानालाच तो लहान करायला सांगता येते. शेवटी मुले सायबर कॅफेत गेली, पैसे मोजले, एका आईचा अर्ध्या दिवसाचा खाडा झाला. अर्ज म्हणे फुकट!

तेव्हा मित्रांनो, आराखडा आधी लहान पडद्याचा काढा. ल्यूक रोब्लेव्स्की २००९ पासून हेच सांगत आले. जागा थोडी असली की साहेबांचे फोटो आणि सरकत्या बातम्या आपोआप गळतात, अर्जाचे बटण वर येते. ते बटणही बोटाला सापडावे. अँड्रॉइडच्या सूचनांत सुमारे ९ मिलिमीटरचे माप दिले आहे, आणि विटा उचलणाऱ्या बोटाला तेही फार नाही. फोन नंबरच्या चौकटीत आकड्यांचाच कीबोर्ड उघडावा.

तपासणी स्वतःच्या नव्या मोबाईलवर करू नका. शेजारच्या काकूंचा काच तडकलेला मोबाईल घ्या, दुपारच्या उन्हात त्यांनाच अर्ज भरायला सांगा, आणि आपण बाजूला गप्प उभे राहा.